काळ्या पडद्यामागची वीज

सोलापूर शहरापासून काही किलोमीटर अंतरावर, दक्षिण सोलापूर तालुक्यातील आहेरवाडी-फताटेवाडी परिसरात एनटीपीसीचे औष्णिक वीज केंद्र उभे आहे. प्रत्येकी ६६० मेगावॉटचे दोन संच. त्यांपैकी पहिला २०१७ मध्ये आणि दुसरा २०१९ मध्ये व्यावसायिक उत्पादनात आला. हे केंद्र पूर्ण क्षमतेने चालले तर दर तासाला १३ लाख २० हजार युनिट वीज तयार होते. संकेतस्थळांची रचना बदलून वीज वाचवता येते, हा दावा अधूनमधून नव्या उत्साहाने पुढे येत असतो. तो तपासताना सोलापूरकरांनी हा एक आकडा हाताशी ठेवावा. बऱ्याच गोष्टी आपोआप स्पष्ट होतात.

या दाव्याचा उगम २००७ सालचा. त्या वर्षीच्या जानेवारीत मार्क ऑन्टकुश या लेखकाने इंटरनेटवर एक हिशेब मांडला. गूगलचे शोधपान पांढरे आहे. तेव्हाच्या काचेच्या नळीच्या, म्हणजे सीआरटी मॉनिटरला पांढरे पान दाखवण्यासाठी ७४ वॉट आणि काळे पान दाखवण्यासाठी ५९ वॉट वीज लागते. फरक १५ वॉटचा. दिवसाला २० कोटी शोध, प्रत्येक शोधामागे पान सरासरी १० सेकंद समोर राहते, असे गृहीत धरले की वर्षाकाठी सुमारे ३० लाख युनिटचा फरक निघतो. जगातील सुमारे एक चतुर्थांश मॉनिटरच नळीचे उरले आहेत असे मानून त्याने अखेरचा आकडा साडेसात लाख युनिट असा दिला. हा हिशेब जगभर फिरला. ऑस्ट्रेलियातील हीप मीडिया या कंपनीने तर त्यावरून 'ब्लॅकल' नावाचे काळे शोधपान सुरू केले आणि त्यावर किती वॉट-तास वाचले याचा मोजणी करणारा आकडाही झळकवला.

साडेसात लाख युनिट ही रक्कम ऐकायला मोठी वाटते. एनटीपीसीचे सोलापूर केंद्र पूर्ण भाराने चालत असेल, तर एवढी वीज ते ३४ मिनिटांत तयार करते. साऱ्या जगाने वर्षभर काळ्या पानावर शोध घेतल्याचे हे फळ! आणि तेही सगळी गृहीतके खरी धरली तर.

गृहीतकांतच खरी गोम होती. नळीच्या मॉनिटरमध्ये काचेच्या मागून इलेक्ट्रॉनचा झोत पडद्यावर आदळतो आणि तिथला फॉस्फरचा लेप उजळतो. जिथे पांढरे दिसायला हवे तिथे झोत जोरात, जिथे काळे तिथे जवळजवळ बंद. त्यामुळे रंगावर वीज अवलंबून असणे साहजिक होते. पण २००७ मध्येच श्रीमंत देशांतील कार्यालयांतून हे मॉनिटर हद्दपार होऊ लागले होते आणि त्यांच्या जागी सपाट एलसीडी पडदे आले होते. एलसीडीत मागचा दिवा सतत जळतो. काळे दाखवायचे म्हणजे दिवा विझवायचा नसतो. त्याच्यापुढे स्फटिकांचा पडदा ओढायचा असतो. घरातील दिवा चालू ठेवून खिडक्या बंद केल्या तर बाहेर अंधार दिसेल, मीटर मात्र फिरतच राहील. काही एलसीडी पडद्यांत तर स्फटिकांना प्रकाश अडवण्यासाठीच विद्युतदाब द्यावा लागतो, म्हणजे काळ्या पानाला किंचित अधिक वीज लागते. ऑगस्ट २००७ मध्ये गूगलच्या वतीने हेच सांगण्यात आले. पुढे मार्च २००८ मध्ये 'अर्थ अवर'च्या दिवशी गूगलने काही देशांत आपले पान काळे केले खरे, पण त्यामागे जनजागृती होती, बचतीचा दावा नव्हता.

एक गोष्ट मात्र या वादात फारशी बोलली गेली नाही. अमेरिकेत चुकीचा ठरलेला हिशेब त्या वेळच्या सोलापुरात बऱ्याच अंशी बरोबर होता. सायबर कॅफे, शिकवणी वर्ग, लहान कार्यालये यांत नळीचेच मॉनिटर होते आणि ते पुढेही काही वर्षे टिकले. शिवाय ती वर्षे भारनियमनाची होती. २००५ च्या जूनमध्ये वीज मंडळाचे विभाजन होऊन महावितरण, महानिर्मिती आणि महापारेषण या कंपन्या झाल्या, पण मागणी आणि पुरवठा यांतील दरी काही विभाजनाने भरून आली नाही. वीज गेल्यावर संगणक ज्या बॅटरीवर चालायचा, तिला १५ वॉटचा फरक जाणवत असे. काळे पान म्हणजे पृथ्वीवरील उपकार वगैरे नव्हे. बॅटरी बसण्यापूर्वी आणखी चार मिनिटे, एवढाच त्याचा अर्थ. पण तो अर्थ खरा होता. ज्यांना तो उपयोगी पडला असता, त्यांच्यापर्यंत ही चर्चा पोचली तेव्हा त्यांचेही मॉनिटर बदललेले होते.

तोच दावा आज 'डार्क मोड' या नावाने परतला आहे आणि या वेळी त्याच्यामागे विज्ञान थोडे अधिक भक्कम आहे. महागड्या आणि आता मध्यम किमतीच्याही अनेक फोनमध्ये ओलेड पडदा असतो. त्यातील प्रत्येक ठिपका स्वतंत्रपणे उजळतो. काळा ठिपका म्हणजे विझलेला ठिपका. त्यामुळे काळ्या पार्श्वभूमीने वीज वाचते, हे नि:संशय. प्रश्न किती, एवढाच. अमेरिकेतील पर्ड्यू विद्यापीठात प्रा. चार्ली हू यांच्या गटाने २०२१ मध्ये केलेल्या मोजणीतून निघालेले उत्तर उद्बोधक आहे. पडद्याची उजळता पूर्ण असेल तर डार्क मोडने सरासरी ३९ ते ४७ टक्के बचत होते. पण बहुतेक लोक घरात वा कार्यालयात फोन ज्या उजळतेवर ठेवतात, त्या ३० ते ५० टक्के उजळतेवर ही बचत ३ ते ९ टक्क्यांवर येते. जाहिरातीत पहिला आकडा दिसतो, व्यवहारात दुसरा लागू पडतो.

सोलापूरच्या एप्रिल-मेमधील दुपारी हे समीकरण आणखी गुंतागुंतीचे होते. पारा ४३-४४ अंशांवर गेलेला, डोळे दिपवणारे ऊन, आणि रस्त्यावर उभे राहून पत्ता शोधणारा माल पोचवणारा तरुण. त्याच्या फोनची उजळता पूर्ण असते, म्हणजे डार्क मोडचा सर्वाधिक लाभ त्यालाच व्हायला हवा. पण नेमके अशा उन्हातच काळ्या पार्श्वभूमीवरची अक्षरे वाचणे सर्वांत अवघड. साहजिकच तो पांढऱ्या पानावर परत येतो. बीबीसीच्या संशोधन विभागाने केलेल्या एका पाहणीत असेही आढळले की, पान काळे झाले की बहुसंख्य लोक पडद्याची उजळता वाढवतात. एका हाताने वाचवलेले दुसऱ्या हाताने खर्च होते. मोरीला बोळा आणि दरवाजा उघडा, असा हा प्रकार आहे.

त्यातही स्वस्त फोनची बाब निराळीच. दहा हजार रुपयांच्या आतील अनेक फोनमध्ये आजही एलसीडी पडदाच असतो. कार्यालयांतील आणि महाविद्यालयांच्या प्रयोगशाळांतील संगणकांचे पडदेही बहुतांशी त्याच जातीचे. त्यांच्यावर डार्क मोड लावणे म्हणजे पुन्हा दिवा चालू ठेवून खिडक्या बंद करणे. तिथे वीज वाचवायची तर पडद्याची उजळता कमी करणे हा एकच सरळ उपाय आहे, आणि तो संकेतस्थळ रचणाऱ्याच्या नव्हे, वापरणाऱ्याच्या हातात आहे.

आता या टक्केवारीचे युनिटमध्ये रूपांतर करून पाहू. ५,००० मिलिॲम्पिअर-तासांच्या फोनच्या बॅटरीत सुमारे १९ वॉट-तास ऊर्जा मावते. रोज एकदा पूर्ण चार्ज केला आणि चार्जरमधील गळती धरली तर दिवसाला सुमारे २५ वॉट-तास, म्हणजे वर्षाला नऊ युनिट. नऊ टक्के बचत गृहीत धरली तरी वर्षाला पाऊण युनिटच्या आसपास वाचते. जुन्या पद्धतीचा ७५ वॉटचा छताचा पंखा दहा तास चालला की तेवढी वीज जाते. त्याच पंख्याच्या जागी ३० वॉटचा बीएलडीसी पंखा बसवला, तर दहा तासांत सुमारे अर्धा युनिट वाचतो; वीस दिवसांत एका फोनच्या वर्षभराच्या विजेची भरपाई होते. यंत्रमागाच्या भाषेत सांगायचे तर एक अश्वशक्तीची मोटर पूर्ण भाराने आठ तास चालली की सहा युनिट होतात. विडी घरकुल किंवा अक्कलकोट रस्त्यावरच्या कारखान्यात दीड पाळीत जेवढी वीज एका मोटरीला लागते, तेवढ्यात एक फोन वर्षभर चालतो.

२०११ च्या जनगणनेनुसार सोलापूर शहराची लोकसंख्या साडेनऊ लाख होती. समजा, शहरातील पाच लाख फोनवर प्रत्येकी वर्षाला अर्धा युनिट वाचला. एकूण अडीच लाख युनिट. एनटीपीसीच्या केंद्राचे साडेअकरा मिनिटांचे उत्पादन.

तरीही हा विषय हसण्यावारी नेऊन संपत नाही. कोळशाची वीज सोलापूरला फुकट मिळत नाही. देशाच्या वीजजाळ्यात एका युनिटमागे सरासरी ७०० ग्रॅमच्या आसपास कार्बन डायऑक्साइड हवेत जातो. त्याखेरीज पाणी लागते. केंद्र सरकारने २०१५ मध्ये काढलेल्या अधिसूचनेत जुन्या औष्णिक केंद्रांसाठी एका युनिटमागे साडेतीन लिटर ही कमाल मर्यादा घालून दिली. नव्या केंद्रांसाठीची मर्यादा त्याहून कमी आहे. सोलापूरच्या केंद्राला पाणी उजनीतून येते, आणि ज्या शहराने अनेक वर्षे चार-पाच दिवसांआड नळाची वाट पाहिली, त्याला उजनीच्या पाण्याचे मोल समजावून सांगण्याची गरज नाही. त्या दृष्टीने एका युनिटमागचे तीन लिटरही नगण्य नव्हेत. फक्त ते कुठून वाचवायचे, हा विवेक हवा.

विजेचा आणखी एक स्वभाव इथे लक्षात घ्यावा लागतो. ती गावाच्या वेशीत राहत नाही. ३१ डिसेंबर २०१३ रोजी रायचूर-सोलापूर ही ७६५ किलोव्होल्टची वाहिनी जोडली गेली आणि दक्षिणेचे वीजजाळे उर्वरित देशाशी एकरूप झाले. संपूर्ण देशाचे एक जाळे, ही गोष्ट ज्या सांध्यावर प्रत्यक्षात आली तो सांधा सोलापुरात आहे. तेव्हा सोलापूरच्या वाचकाने वाचवलेले युनिट नेमक्या कोणत्या केंद्राचा कोळसा वाचवते, हे सांगता येत नाही. तो जे पान वाचतो ते साठवलेले यंत्र तर नवी मुंबईत ऐरोली-महापे पट्ट्यातील एखाद्या डेटा केंद्रात असते, किंवा सिंगापुरात. पान हलके केल्याचा लाभ असा तीन ठिकाणी विभागला जातो: साठवणारे यंत्र, मधले जाळे आणि हातातील फोन.

यांतील कुठल्या ठिकाणी किती खर्च होतो, याविषयी मोठे गैरसमज आहेत. २०१९ मध्ये फ्रान्समधील 'द शिफ्ट प्रोजेक्ट' या संस्थेच्या हवाल्याने एक आकडा जगभर छापून आला: अर्धा तास ऑनलाइन चित्रपट पाहणे म्हणजे सहा किलोमीटरहून अधिक मोटार चालवणे. पुढे तपासात आढळले की, हिशेबात बिट आणि बाइट यांची गल्लत झाली होती आणि त्या एका चुकीने विजेचा अंदाज आठपट फुगला होता. संस्थेने २०२० मध्ये दुरुस्ती केली. मूळ आकडा मात्र अजूनही फिरत असतो. आंतरराष्ट्रीय ऊर्जा संस्थेच्या विश्लेषणानुसार २०१९ मध्ये तासभर चित्रपट पाहण्यास ०.०८ युनिटच्या आसपास वीज लागत होती आणि तिच्यातील सुमारे ७२ टक्के वाटा पाहणाऱ्याच्या उपकरणाचा होता. डेटा केंद्राचा वाटा पाच टक्क्यांच्या आसपास.

मधल्या जाळ्याचे गणितही सरळ नाही. मोबाइलचा मनोरा कोणी पान उघडो वा न उघडो, चालूच राहतो. रात्री दोन वाजता रिकाम्या रस्त्यावरचे पथदिवे जळतात तसेच ते. त्यामुळे एका वाचकाने एक मेगाबाइट कमी उतरवला म्हणून त्या प्रमाणात मनोऱ्याची वीज कमी होत नाही. 'आमच्या संकेतस्थळाने प्रत्येक भेटीमागे इतके ग्रॅम कार्बन वाचवला' अशी जी प्रमाणपत्रे पानांच्या तळाशी दिसतात, ती बहुधा मेगाबाइटला ठरावीक गुणकाने गुणून काढलेली असतात. ती मोजमापे नव्हेत, अंदाज आहेत. आणि अंदाज तीन दशांश स्थळांपर्यंत दिला म्हणून तो अचूक होत नाही. दीर्घ मुदतीत मात्र मागणी वाढली की मनोरे वाढतात, डेटा केंद्रे वाढतात, हेही तितकेच खरे. २०२४ मध्ये जगातील डेटा केंद्रांनी सुमारे ४१५ अब्ज युनिट, म्हणजे एकूण विजेच्या दीड टक्का वापरली, असा आंतरराष्ट्रीय ऊर्जा संस्थेचा अंदाज आहे आणि कृत्रिम बुद्धिमत्तेमुळे २०३० पर्यंत हा वापर दुपटीहून अधिक होईल, असे ती संस्था म्हणते. पानाच्या पार्श्वभूमीचा रंग या प्रवाहापुढे टिकणारा बांध नव्हे.

मग रचनेने खरोखर फरक पडतो तो कुठे? पानाच्या वजनात. याबाबतीत मराठी वाचकाला स्वत:च पडताळता येईल असे उदाहरण त्याच्या भाषेतच आहे. युनिकोडच्या प्रचलित पद्धतीत रोमन अक्षराला एक बाइट लागतो, देवनागरीच्या प्रत्येक अक्षरचिन्हाला तीन. त्यामुळे मराठी मजकूर इंग्रजीच्या सुमारे तिप्पट जड असतो, अशी तक्रार एके काळी होत असे. तक्रार खोटी नव्हती. पण अडीच हजार शब्दांचा मराठी लेख म्हणजे साधारण ४५ किलोबाइट. पाठवताना तो दाबून पाठवला जातो, तेव्हा त्याच्या चौथ्या हिश्श्याएवढाही राहत नाही. याउलट एचटीटीपी आर्काइव्ह या नोंदसंग्रहानुसार २०२४ मध्ये मोबाइलवरच्या मध्यम पानाचे वजन सुमारे २.३ मेगाबाइट होते, न दाबलेल्या त्या मराठी लेखाच्या पन्नासपट. संगणकासाठीचे पान २०१० च्या सुमारास अर्ध्या मेगाबाइटहून कमी असायचे. आता ते अडीच मेगाबाइटच्या वर आहे. वाचनीय मजकूर या काळात पाचपट वाढलेला नाही.

वाढले ते सजावटीचे आणि पाळतीचे साहित्य: मोठी छायाचित्रे, आपोआप चालू होणाऱ्या चित्रफिती, दर काही सेकंदांनी बदलणाऱ्या जाहिराती, वाचक कुठे थबकला आणि कुठे वळला याची नोंद ठेवणाऱ्या आज्ञावली. या आज्ञावली फोनमध्येच चालतात. फोनचा प्रक्रियक त्यांच्यासाठी जागा राहतो, रेडिओ पुन:पुन्हा सुरू होतो, आणि बॅटरी तळहाताला गरम लागू लागते. काळ्या-पांढऱ्याचा हिशेब करणारे हेच प्रा. हू २०१२ मध्ये एका वेगळ्या अभ्यासात सहभागी होते. लोकप्रिय मोफत ॲप्सच्या त्या तपासणीत आढळले की, खर्च होणाऱ्या ऊर्जेपैकी ६५ ते ७५ टक्के ऊर्जा त्रयस्थ जाहिरातींच्या भागावर जात होती. खेळणाऱ्याला वाटे आपण खेळतो आहोत. बॅटरी मात्र जाहिरात चालवण्यात संपे. हा अभ्यास जुना आहे आणि फोन आता अधिक कार्यक्षम झाले आहेत. पण रंगाच्या निवडीतून नऊ टक्के आणि जाहिरातीच्या निवडीतून निम्म्याहून अधिक, हा दोन्ही अभ्यासांतला फरक बोलका आहे.

यावर वृत्तपत्रांची अडचणही समजून घ्यायला हवी. ऑनलाइन आवृत्तीसाठी वाचक पैसे मोजत नाही, जाहिरातदार मोजतो. जाहिरात काढा म्हणणे सोपे, पण मग बातमीदाराचा पगार कोणी द्यायचा, या प्रश्नाला पर्यावरणवाद्यांकडे उत्तर नाही. ज्याला उत्तर आहे तो प्रश्न वेगळा आहे: जाहिरात हवी असेल तर ती हलणारी, आवाज करणारी आणि वाचकाच्या मागावर राहणारीच का हवी? छापील अंकातील जाहिरात स्थिर असते आणि तिने शंभर वर्षांहून अधिक काळ वृत्तपत्रे चालवली. खर्चाचा भार कोणावर टाकला जातो, हा मुद्दा इथे आहे. जड पानासाठीची वीज वाचकाच्या मीटरवर पडते, डेटा त्याच्या पॅकमधून जातो, आणि बॅटरीची झीज त्याच्या खिशातून भरून निघते. पान रचणाऱ्याच्या ताळेबंदात यांपैकी काहीच दिसत नाही. जे दिसत नाही ते वाचवण्याची घाई कोणाला असणार?

सरकारी आणि निमसरकारी पानांना तर जाहिरातीची सबबही नाही. तिथला रोग निराळा आहे. परिपत्रक संगणकावर मराठीतच टंकलिखित होते, मग त्याची छापील प्रत काढली जाते, तिच्यावर सही-शिक्का होतो, आणि मग त्या कागदाचे छायाचित्र घेऊन ते संकेतस्थळावर चढवले जाते. जो मजकूर पाच-सहा किलोबाइटमध्ये गेला असता, तो प्रत्येक पानाला काहीशे किलोबाइटचा होतो. तो शोधता येत नाही, त्यातील शब्द उचलता येत नाही, आणि दृष्टिहीनांसाठी वाचून दाखवणाऱ्या आज्ञावलीला तर तो कोरा कागद वाटतो. केंद्र सरकारने संकेतस्थळांसाठी मार्गदर्शक सूचना २००९ मध्येच काढल्या आणि जिल्ह्यांच्या अधिकृत पानांवर काळ्या पार्श्वभूमीचा पर्यायही देण्यात येऊ लागला. तो पर्याय मंद दृष्टीच्या नागरिकांसाठी आहे, वीज वाचवण्यासाठी नाही, आणि त्या कारणासाठी तो योग्यच आहे. पण त्या काळ्या पानावरून दुवा दाबल्यावर जर छायाचित्ररूपी परिपत्रकच उघडणार असेल, तर त्या नागरिकाच्या हाती काय लागले? फ्रान्सने २०२१ मध्ये डिजिटल क्षेत्राचा पर्यावरणावरील भार कमी करण्यासाठी स्वतंत्र कायदा केला. इथे कायद्याचीही गरज नाही. टंकलेखकाने तयार केलेली मूळ फाइल डिजिटल स्वाक्षरीसह चढवली तरी पुरेसे आहे.

या साऱ्या हिशेबात सर्वांत मोठी रक्कम अजून आलेली नाही, कारण ती विजेच्या बिलात कधीच दिसत नाही. फोन वापरताना लागणाऱ्या ऊर्जेपेक्षा तो तयार करताना लागणारी ऊर्जा कितीतरी अधिक असते. खनिजे काढणे, चिप घडवणे, जुळणी करणे, जगभर वाहून नेणे. ॲपलसारखी कंपनी स्वत:च्या अहवालांत फोनच्या आयुष्यभराच्या कार्बन उत्सर्जनापैकी सुमारे ८० टक्के वाटा निर्मितीचा दाखवते. याचा अर्थ, फोन किती वीज खातो यापेक्षा तो किती वर्षे टिकतो, हे महत्त्वाचे. वर्षाला पाऊण युनिट वाचवणारा डार्क मोड आणि फोनला आणखी दोन वर्षे चालू ठेवणारे हलके पान, यांची तुलनाच होऊ शकत नाही.

आणि फोन बाद का होतो? पडदा फुटला म्हणून काही, बॅटरी फुगली म्हणून काही. पण कितीतरी फोन केवळ 'आता चालत नाही, अडकतो' म्हणून बदलले जातात. फोन तोच असतो, त्यातील चिप तेवढ्याच वेगाने चालत असते. पाने आणि ॲप्स जड झालेली असतात. सहा वर्षांपूर्वी आठ हजारांना घेतलेला फोन घेऊन विद्यापीठाचा निकाल पाहणारी विद्यार्थिनी, भाव पाहणारा कांदा उत्पादक, शिधापत्रिकेची नोंद तपासणारी विडी कामगार: यांच्यासाठी जड पान म्हणजे आणखी एका हप्त्यावरचा नवा फोन. सोलापूरच्या बाजारात दुरुस्तीची दुकाने चालतात ती याच वर्गामुळे, आणि बॅटरी बदलून दिलेला जुना फोन पुन्हा हातात आल्यावर त्याला पहिला अडथळा होतो तो न उघडणाऱ्या पानाचाच.

संकेतस्थळ रचणाऱ्यांनी मनावर घेतले तर करण्यासारखे बरेच आहे आणि त्यांतील बहुतेक गोष्टी चकचकीत नाहीत. चित्रफीत वाचकाने दाबल्याशिवाय सुरू होऊ न देणे. छायाचित्र फोनच्या पडद्याएवढेच पाठवणे. फोनमध्ये मुळातच असलेला देवनागरी टंक वापरणे. एके काळी प्रत्येक मराठी दैनिकाचा स्वत:चा टंक वाचकाला वेगळा उतरवून घ्यावा लागे, युनिकोडने ती कटकट संपवली, आणि आता शोभेसाठी तोच भार मागच्या दाराने परत येत आहे. पाच वर्षे जुन्या, स्वस्त फोनवर पान उघडून पाहिल्याशिवाय ते प्रसिद्ध न करणे. यांपैकी एकाही गोष्टीतून 'आम्ही पृथ्वी वाचवली' अशी पाटी लावता येत नाही, म्हणूनच कदाचित त्या मागे पडतात. काळा रंग डोळ्यांना दिसतो. न पाठवलेला मेगाबाइट कोणाला दिसत नाही.

डार्क मोड ज्याला आवडतो त्याने जरूर वापरावा. रात्री दिवा मालवल्यावर तो डोळ्यांना सुखाचा वाटतो आणि ओलेड फोनवर बॅटरी थोडी अधिक पुरते. लांबच्या प्रवासात, पंढरपूर-मंगळवेढ्याच्या रस्त्यावर चार्जर नसताना, त्या थोड्याचेही मोल असते. मात्र घरातील विजेचा प्रश्न असेल तर दृष्टी पडद्यावरून वर छताच्या पंख्याकडे आणि खाली पाण्याच्या मोटरीकडे वळवावी लागेल. स्मार्ट मीटर असलेल्या घरगुती ग्राहकांना दिवसा, सकाळी ९ ते सायंकाळी ५ या वेळेत वापरलेल्या विजेवर सवलत देण्याची पद्धत राज्यात जुलै २०२५ पासून सुरू झाली, कारण त्या वेळेत सौरऊर्जा भरपूर असते. टाकी भरणारी मोटर आणि कपडे धुण्याचे यंत्र त्या वेळेत चालवले, तर संध्याकाळच्या कोळशाच्या विजेवरचा भार हलका होतो. फोन कोणत्या वेळी चार्ज केला, याने मीटरचा आकडा फारसा हलणार नाही.